दुपट्टा सापडला आहे

प्रत्येक थोर समाजाला तारणहार लागतो आणि प्रत्येक तारणहाराला मुखवटा लागतो. यामागचे कारण पूर्णपणे शास्त्रीय आहे. तारणहाराचा चेहरा दिसला, तर लोक आधी त्याचे आडनाव विचारतील, मग मूळ गाव, मग तिथले कोणते मोहल्ले त्याला माहीत आहेत ते विचारतील, आणि एवढी चौकशी होईपर्यंत ज्याला तारायचे तो आटोपलेला असेल. परदेशी तारणहार यासाठी रबराचा अंगाबरोबर बसणारा पोशाख वापरतात. मे महिन्यातल्या नागपुरात तसला पोशाख घालून कोणी घराबाहेर पडला, तर पहिला जीव त्याचाच वाचवावा लागेल. सुदैवाने इथे त्याची गरज नाही. मार्च संपत आला की इथली जनता डोळे सोडून बाकीचे डोके दुपट्ट्यात गुंडाळते, हातांत सुती मोजे घालते, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकते आणि स्कूटरला किक मारते. सख्खी बहीण शेजारून गेली तरी भावाला पत्ता लागत नाही. म्हणजे मुखवट्यांची व्यवस्था चोख आहे. तारणहारांची संख्या मात्र त्या मानाने जरा कमी पडते.

ही किरकोळ त्रुटी नंदनवन वस्तीतल्या नागसेन ढोके गुरुजींना फार वर्षांपूर्वी एका दुपारी समजली. गुरुजी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत (म्हणजे वर्षातून एकदा फळांची टोपली, एकदा पानाफुलांची नक्षी, आणि उरलेले वर्ष गणिताच्या रजेवरच्या मास्तरांचे तास). त्यांचे वडील धोंडबा गिरणीतून निवृत्त झालेले. उन्हात सायकल नेऊ नका असे सुनेने बजावूनही ते गेले आणि चौकात चक्कर येऊन पडले. रस्त्यावर वर्दळ उत्तम होती. लोकांनी समजूतदारपणाही बराच दाखवला. एकानेही त्यांच्या अंगावरून गाडी नेली नाही. सगळ्यांनी वळसा घालून नेली. शेवटी एक स्कूटर थांबली. तोंड बांधलेली एक बाई उतरली, तिने स्वतःचा दुपट्टा सोडला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला, धोंडबांच्या डोक्याला गुंडाळला आणि म्हणाली, "घाबरू नका बाबाजी, मी आहो इथं." मग तिने ऑटो अडवून त्यांना दवाखान्यात पोहोचवले आणि गुरुजी धापा टाकत येण्याआधी ती निघून गेली. धोंडबांनी तिला उघड्या तोंडाने पाहिले होते. पण चष्मा चौकातच फुटल्यामुळे, तिला चेहरा होता यापलीकडे त्यांना काही सांगता आले नाही.

दुपट्टा तेवढा राहिला. पिवळा, हिरव्या कोयऱ्यांचा.

धोंडबा त्यानंतर बरेच उन्हाळे जगले आणि प्रत्येक उन्हाळ्यात त्यांनी मुलाला एकच गोष्ट सांगितली. "दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून राहिलो आपण. वापस कर गा तिले. अन् मी जिता आहो म्हणून सांग." गुरुजी खरेच त्या चौकात जाऊन दुपट्टा हातांवर पसरून उभे राहिले. दिवसभरात त्यांना तीन बायकांनी भाव विचारला आणि एकीने हाच निळ्यात आहे का, असे विचारले. धोंडबा गेले, तेव्हा दुपट्टा कपाटातच होता. वडिलांचा जीव वाचवणाऱ्या बाईला आपण साधे 'तुमचे उपकार झाले' म्हणू शकलो नाही, याचे गुरुजींना मनापासून वाईट वाटत असे.

माणसाला जे येते तेच तो करतो. गुरुजींना चित्र काढता येत होते. त्यांनी 'दुपट्टेवाली' नावाची चित्रकथा काढली आणि दरवर्षी तिचा एक पातळसा अंक छापून घेऊ लागले. दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ठेले लागले की त्यांतल्या एका कोपऱ्यात तो विकायला असे. नायिकेची सामग्री थोडकी होती. पोशाख: पिवळा दुपट्टा. शस्त्रे: पाण्याची बाटली, कांदा. खलनायक: दुपार. आणि अलौकिक शक्ती एकच: ती थांबते. सगळी दुनिया पुढे जात असताना ती ब्रेक दाबते, स्टँड लावते आणि उतरते. एका अंकात ती पडलेल्या म्हाताऱ्यासाठी थांबे, एकात गाडी पंक्चर झालेल्या गरोदर बाईसाठी, एकात रस्ता ओलांडता न येणाऱ्या गाढवासाठी (या अंकाला बालवाचकांची सर्वाधिक पत्रे आली). शेवटच्या पानावर मात्र दरवर्षी तोच मजकूर चौकटीत असे: 'दुपट्टा सापडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी नंदनवनात पाण्याच्या टाकीमागे ढोके यांच्याकडून घेऊन जावा. चहा होईल.' मूळ हेतूने पाहता ही महानायिकेची कथा नव्हतीच. ती सोळा पानांची प्रस्तावना जोडलेली एक सूचना होती.

अशा कलाकृतीवर सिनेमा होणे अटळ असते.

मोहित नावाचा दिग्दर्शक मूळचा नागपुरातल्याच मनीषनगरचा. लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत त्याने 'दुपट्टेवाली'चे तीन अंक वाचले होते आणि दाढ काढताना तिचाच धावा केला होता, असे तो सांगे. मुंबईत दहा-बारा वर्षे घासल्यावर त्याने 'संत्रानगरी सिनेविश्व' नावाची संस्था काढली (हल्ली कोणी नुसता सिनेमा काढत नाही, विश्वच काढावे लागते) आणि तो थेट नंदनवनात येऊन गुरुजींच्या पाया पडला. गुरुजींनी एकच अट घातली. बाकी काय करायचे ते करा, शेवटचे पान पडद्यावर आले पाहिजे आणि वाचता आले पाहिजे.

"बाई आता म्हातारी झाली असन," ते म्हणाले. "चित्रकथा कायले वाचते ते? पण पिक्चर तं पाहीन न."

"सर, शेवटचं पान राहणार. आपली जबान आहे," मोहित म्हणाला. आणि हे आताच सांगून टाकलेले बरे, की त्याने ती जबान तंतोतंत पाळली.

रूपांतराच्या बैठका एका हॉटेलात झाल्या. तिथले वातानुकूलन इतके कडक होते, की एप्रिलच्या नागपुरात गुरुजी स्वेटर घेऊन जात. अध्यक्षस्थानी अरुंधती नावाच्या बाई. त्यांच्याकडे कथा-संस्करण विभाग होता. बाई अतिशय नम्र. काहीही कापण्याआधी त्या 'मला हे फार म्हणजे फारच आवडलं' असे म्हणत. त्यामुळे त्यांना काही आवडले की गुरुजी ते शेवटचे एकदा पाहून घेत.

पहिल्यांदा त्यांना थांबण्याची शक्ती आवडली. तिची रीतसर चाचणी घेण्यात आली. निवडक प्रेक्षकांना मोबाइलवर ते दृश्य दाखवले, तेव्हा दर दहांतल्या आठांनी नायिका थांबताच नेट गेले असे समजून फोन हलवला. उरलेल्या दोघांपैकी एकाने रिचार्ज मारला. थांबणे हे पडद्यावर बिघाडासारखे दिसते, असा निष्कर्ष निघाला. सबब नायिका उडेल असे ठरले. उडणाऱ्या व्यक्तीला हवेत थांबता येत नाही, ती पडते, हेही मोहितने गुरुजींना शास्त्राच्या आधारे समजावून दिले.

मग दुपट्टा आवडला. नायिकेचे काम करणाऱ्या नटीच्या करारात चेहरा किती वेळ दिसला पाहिजे याचे कलम होते, आणि सिनेमाचा एकूण वेळ त्या कलमापेक्षा थोडासाच जास्त होता. म्हणून दुपट्टा तोंडावरून गळ्यात आला, पुढच्या बैठकीत खांद्यावर गेला आणि अखेर पाठीमागे फडफडत राहिला. कांद्याच्या जागी प्रायोजकांचे थंड पेय आले. शक्ती कुठून आली हे प्रेक्षकांना कळायला हवे, म्हणून नायिका ऐन मे महिन्यात प्रयोगशाळेतले किरणोत्सारी संत्रे खाते, असे ठरले.

"मे महिन्यात संत्रा कुठं राहते जी?" गुरुजींनी विचारले.

अरुंधतीबाई म्हणाल्या, "सर, संत्र्याशिवाय हे नागपूर आहे हे जगाला कसं कळणार?" स्थानिक रंगासाठी नायिकेच्या तोंडी दोन 'काहून' आणि एक 'बे' मंजूर झाले. (तिसरा 'काहून' निर्यातीच्या बाजारपेठेचा विचार करून वगळण्यात आला.) दुपार हा खलनायक दिसायला फार पसरट वाटल्यामुळे तिच्या जागी तप्तासुर आणला. तो सूर्याच्या मागच्या बाजूला राहतो आणि कारण नसताना हसतो. सिनेमाचे नाव पडले 'ज्वालारक्षिणी : प्रारंभ'.

शेवटी म्हाताऱ्याची पाळी आली. एक माणूस वाचवायला एवढा खर्च परवडत नाही, निदान शहर तरी धोक्यात पाहिजे, असे प्रायोजकांचे म्हणणे पडले. तेव्हा नायिका एका झटक्यात पंचवीस लाख लोकांना वाचवील, असे ठरले. चौकात सायकलजवळ पडलेला धोंडबा पटकथेतून निघाला. गुरुजींचा चेहरा पाहून मोहितने त्यांचा हात हातात घेतला.

"सर, दिल पे मत लो. पंचवीस लाखांत तुमचे वडील आलेच ना?"

हिशेब बिनचूक होता. गुरुजी घरी आले, स्वेटर काढला आणि पत्नीला म्हणाले, "शेवटचं पान आहे अजून." सरिताबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तेवढं तरी आवडू नोको त्या बाईले," त्या म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या आठवड्यात प्रायोजकांनी शहराच्या सगळ्या सिग्नलवर दुपट्टे फुकट वाटले. पिवळे, हिरव्या कोयऱ्यांचे. एका टोकाला उडणारी नायिका, दुसऱ्या टोकाला थंड पेय. ज्या शहरात गल्लीतल्या नालीवरून दोन तट पडतात, ते सगळे शहर प्रथमच एका रंगात एकवटले. वर्तमानपत्रांनी या ऐक्याचे योग्य ते स्वागत केले. सरिताबाईंनी मात्र कपाटातला मूळ दुपट्टा काढून इस्त्री करता करता एक शंका काढली. "आता बाई आली बी, तं आपला कोणता अन् सिनेमाचा कोणता, हे कसं ओळखावं तिनं?" गुरुजी म्हणाले, "आपला जुना आहे. तिले समजते."

पहिला दिवस, दुपारचा खेळ. दुपट्टा पिशवीत घालून दोघे स्कूटरवर निघाले. बाई कदाचित थिएटरातच असेल, सूचना वाचून तिथेच उभी राहील आणि आपल्याला तिथेच तो देता येईल, असे गुरुजींनी मनात रंगवले होते. तिला काय म्हणायचे हेही त्यांनी पाठ केले होते. वाटेत एका वळणावर एक बाई स्कूटर घसरून पडलेली दिसली. एक चप्पल रस्त्याच्या मध्ये होती. सरिताबाईंनी पाठीवर थाप मारली.

"थांबा नं. बाई पडली तिथं."

"लोकं आहेत तिथं, ते पाहून घेतीन," गुरुजी म्हणाले. "पिक्चर सुरू होऊन राहिला."

लोक खरोखरच होते. गुरुजींनी वळसा घातला, त्यांच्या मागच्यानेही घातला.

सिनेमा उत्तम होता असे म्हणावे लागेल, कारण आवाज फार मोठा होता. नायिकेने हवेतून खाली पाहत 'मी उडते, म्हणून तुम्ही चालता!' हे वाक्य म्हटले, तेव्हा सभागृह उभे राहिले. तप्तासुर विझला. पंचवीस लाख वाचले. आणि त्याच क्षणी सभागृहात तो प्राचीन नागपुरी संस्कार जागा झाला, ज्याचा विचार कथा-संस्करण विभागाने केला नव्हता: गर्दी व्हायच्या आधी पार्किंगमधून गाडी काढणे. खलनायकाचा धूर पडद्यावरून सरायच्या आत माणसे जिन्यावर होती. मोहितने शेवटचे पान सर्वांत मानाच्या जागी, म्हणजे श्रेयनामावली संपल्यानंतर ठेवले होते. महानायकांच्या सिनेमांचे खरे चाहते त्या जागेसाठी बसून राहतात, हे त्याने मुंबईत पाहिले होते. मनीषनगरचा मुलगा असूनही त्याला स्वतःच्या गावचे पार्किंग आठवले नाही.

नामावली संपली. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आले: 'दुपट्टा सापडला आहे.' खाली पत्ता. चहाचा उल्लेखही होता, फक्त प्रायोजकांच्या आग्रहाखातर 'चहा'च्या जागी थंड पेयाचे नाव होते. गुरुजी उभे राहून मागे वळले आणि त्यांनी रांगांमागून रांगा पाहिल्या. सभागृहात ते दोघे होते आणि झाडू मारणाऱ्या एक बाई होत्या. त्यांची पाठ पडद्याकडे होती.

सरिताबाई सीटखाली पडलेली पर्स शोधत राहिल्या, म्हणून गुरुजी एकटेच बाहेर आले. एसीतून थेट उन्हात. पार्किंगच्या फाटकाशी त्यांना गरगरल्यासारखे झाले, त्यांनी खांब धरला, मग खाली बसले आणि मग आडवे झाले. सगळ्यांनी एकदमच गाड्या काढल्यामुळे पार्किंगमध्ये अडकलेली सिनेमाची गर्दी आता समोरून येत होती. एकूण एक डोके पिवळ्या दुपट्ट्यात. शेकडो दुपट्टेवाल्या आणि दुपट्टेवाले, सगळ्यांच्या टोकाला एकेक उडणारी नायिका. गुरुजी खालून पाहत होते. आपणच काढलेले चित्र एवढ्या मोठ्या संख्येने जिवंत झालेले पाहण्याचे भाग्य फार थोड्या चित्रकारांना लाभते. कोणी हॉर्न दिला, कोणी 'काकाजी, साइडले व्हा' म्हणाले, एकाने मोबाइल काढून चित्रण करत 'मी उडते' हे वाक्य नायिकेच्या आवाजात म्हणून दाखवले. सगळ्यांनी वळसा घातला. तोंडे बांधलेली असल्यामुळे कोणाला काय वाटले ते समजायला मार्ग नाही.

सरिताबाई धावत आल्या. थिएटरवाल्यांनी पाण्याची बाटली आत जाताना काढून घेतली होती. त्यांनी पिशवीतला दुपट्टा ओढला, पहारेकऱ्याच्या माठात बुडवला (तो 'स्टाफसाठी आहे' म्हणेपर्यंत दुपट्टा भिजलेला होता) आणि नवऱ्याच्या डोक्याला गुंडाळला. मूळ मालकिणीला द्यायचा म्हणून इतकी वर्षे न वापरलेला तो दुपट्टा त्याच कामाला दुसऱ्यांदा लागला. थोड्या वेळाने गुरुजींनी डोळे उघडले.

"घाबरू नका," सरिताबाई म्हणाल्या. "मी आहो इथं."

गुरुजींना रडू आले.

"सरिता, येताना ते बाई पडली होती."

"हो."

"काहून नाही थांबलो वं आपण?"

सरिताबाईंनी दुपट्टा पुन्हा पिळला. "पिक्चर सुरू होऊन राहिला होता न," त्या म्हणाल्या.

'ज्वालारक्षिणी'ने अपेक्षेपेक्षा जास्त धंदा केला. गुरुजींचे पडणे कोणीतरी टिपलेलेच होते, ते फिरत फिरत मोहितपर्यंत गेले. त्याने कळवळून फोन केला. तब्येत विचारली आणि तो प्रसंग दुसऱ्या भागात घेऊ का, अशीही विचारणा केली. अरुंधतीबाईंना तो फार आवडला होता.

गुरुजींनी पुढचा अंक काढला नाही. दुपट्टा धुऊन पुन्हा कपाटात ठेवला आणि घराच्या फाटकावर स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी लावली. शेवटच्या पानावरचाच मजकूर, थोडा वाढवलेला:

'दुपट्टा सापडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा. ओळखपत्र नको, चेहरा दाखवायला नको. खूण म्हणून एवढेच सांगावे, की तुम्ही शेवटचे कोणासाठी थांबला होता. (लाल दिव्याला थांबलेले धरले जाणार नाही.) चहा होईल.'

या अटीनुसार तो दुपट्टा खुद्द गुरुजींनाही मिळू शकत नाही, हे त्यांनीच सरिताबाईंना सांगितले. अजून तरी न्यायला कोणी आलेले नाही. वाचकांनी यात उगाच मनाला लावून घेण्याचे कारण नाही. त्या दुपारी पार्किंगच्या फाटकातून गेलेल्या सगळ्यांची तोंडे बांधलेली होती. त्यांत तुम्ही होता, असे कोणीही शपथेवर सांगू शकणार नाही, आणि तुम्ही तर बहुधा नागपुरातही नव्हता. पाटी वाचायला मात्र येणारे-जाणारे बरेच थांबतात, शेवटपर्यंत वाचतात, 'खरं आहे बुवा' म्हणतात आणि गाडीला किक मारतात. असे थांबणे धरायचे नाही, असे गुरुजींनी ठरवले आहे. त्यामुळे आत्ता तुम्ही इथवर थांबून जे वाचलेत, तेही धरलेले नाही.